व्हर्डिक्ट, निकाल आणि भैरोबाचा कौल

साताऱ्यात कोर्टाजवळ माझं टायपिंग, डीटीपी, झेरॉक्स आणि भाषांतराचं दुकान आहे, दुकान म्हणजे काय दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि पावसाळ्यात ओल धरणारी एक भिंत. जुलैमध्ये आमच्याकडे कागद सर्द होतो आणि मशीनमध्ये दर दहा पानांना अडकतो, त्यामुळे सकाळी साडेदहाला पुकारा व्हायच्या आधी वकीलसाहेबांचे ज्युनिअर उभे राहून ओरडत असतात आणि मी मशीनचं झाकण उघडून आत हात घालून बसलेला असतो. अशाच एका सकाळी आमचे शाळेतले सर आले. मला नववी-दहावीला इंग्रजी त्यांनीच शिकवलं, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण अजून मला दुकानात सगळ्यांसमोर "काय रे गाढवा" म्हणूनच हाक मारतात आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

सरांना १ ऑगस्टला एका शाळेत टिळक पुण्यतिथीचं भाषण करायचंय. त्यांनी कागद दिला, त्यावर टिळकांचं ते १९०८ च्या खटल्यातलं प्रसिद्ध वाक्य मूळ इंग्रजीत लिहिलेलं, खाली मराठी करून टाइप करून दे म्हणाले, मोठ्या अक्षरात, चष्मा लावायला लागू नये असं. वाक्याचा अर्थ आपल्या सगळ्यांना शाळेपासून माहीत आहे, की ज्युरीचा, म्हणजे खटला ऐकून दोषी की निर्दोष ते सांगायला बसवलेल्या साध्या नागरिकांचा, व्हर्डिक्ट काहीही असला तरी मी निर्दोष आहे असं माझं म्हणणं आहे, माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य चालवणाऱ्या याहून मोठ्या शक्ती आहेत वगैरे. मुंबई हायकोर्टात हे शब्द संगमरवरी पाटीवर कोरून लावलेत, १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांच्या हस्ते ती पाटी लागली, ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टात.

म्हटलं सोपंय. एका दमात टाइप केलं, "ज्युरीचा निकाल काहीही असला तरी". प्रिंट काढून दिली. सरांनी तिथंच उभ्याने वाचली आणि खिशातून लाल पेन काढलं, हो, अजून लाल पेन असतं त्यांच्या खिशात, आणि "निकाल" या शब्दावर गोल केला.

"निकाल जज देतो. ज्युरी कधी निकाल देते का रे? रोज कोर्टात बसतोस ना तू?"

मी म्हटलं सर, कोर्टात नाही बसत, कोर्टाबाहेर बसतो. पण मुद्दा लागला. वीस वर्षं मी जजमेंटं टाइप करतोय, भाषांतरं करतोय, आणि जजमेंट, व्हर्डिक्ट, डिसिजन, ऑर्डर या सगळ्याला एकाच फावड्याने निकाल म्हणून ओढतोय. टीव्हीवाले तर रोजच करतात, सुप्रीम कोर्टाचा व्हर्डिक्ट आला, ऐतिहासिक व्हर्डिक्ट, आणि खाली लाल पट्टी. खरं बघायला गेलं तर आपल्याकडच्या फौजदारी कोर्टात व्हर्डिक्ट नावाची वस्तू आता मिळतच नाही, कारण १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतून ज्युरीच काढून टाकली. ज्युरी नाही तर व्हर्डिक्ट कुठला? जे येतं ते जजमेंट.

सर म्हणाले उद्या येतो, नीट शब्द शोधून ठेव. आणि गेले. मला होमवर्क. या वयात.

रात्री बसलो शोधायला. तर व्हर्डिक्ट हा शब्द इंग्लंडात फ्रेंचवाल्या नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर आला, त्यांच्या कोर्टाच्या फ्रेंचमध्ये तो होता व्हर्दी, म्हणजे "व्हर" खरं आणि "दी" बोललेलं. मुळात लॅटिन व्हेरे डिक्टम, खरेपणाने सांगितलेलं. म्हणजे सरळ आपल्या भाषेत "खरं बोलणं". तिथून पुढच्या इंग्रजीतसुद्धा तो बराच काळ व्हर्डिटच होता, मधला "क" नव्हताच, तो नंतर विद्वान लोकांनी लॅटिनकडे बघून घुसडला, जसा डेट म्हणजे कर्ज, त्याच्या स्पेलिंगमध्ये बोलायचा नसलेला बी घुसडला तसा. फरक एवढाच की डेटमधला बी कुणी बोलत नाही आणि इथला क मात्र सगळे बोलायला लागले. शाळेत डेटच्या स्पेलिंगसाठी मी याच सरांचा मार खाल्लाय, तेव्हा हे माहीत असतं तर निदान उत्तर दिलं असतं.

आणि ज्युरी कशावरून, तर शपथ घेणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून. शपथ घेतलेले लोक. म्हणजे शपथ घेतलेल्यांनी सांगितलेलं खरं, झाली की व्याख्या. यात मला गंमत वाटली ती जज या शब्दाची. तोपण दोन तुकड्यांचा, लॅटिन यूस म्हणजे कायदा आणि पुढे तेच डिकेरे, सांगणे. कायदा सांगणारा. म्हणजे एका खोलीत दोन प्रकारचे सांगणारे बसवलेत, एकाने कायदा सांगायचा आणि बाकीच्यांनी खरं काय घडलं ते सांगायचं, आणि कामाची वाटणी शब्दांतच लिहून ठेवलीय. हे सांगणे म्हणजे डिक्ट, तेच डिक्शनरीत, डिक्टेशनमध्ये, डिक्टेटरमध्ये. भाषाशास्त्रवाले म्हणतात की आपल्या संस्कृतातला दिश् आणि लॅटिन डिकेरे एकाच मुळाचे, दिश् म्हणजे दाखवणे. त्यातून आपल्याकडे दिशा, निर्देश, उपदेश आणि आदेश. मी रोज शेवटच्या पानावर मधोमध ठळक अक्षरात "आदेश" असं टाइप करतो, तो आणि हा व्हर्डिक्टमधला डिक्ट लांबचे चुलतभाऊ निघाले.

आता आपले शब्द बघा. निवाडा. निवाडा आणि निवडणे एकाच घरातले. आई ताटात तांदूळ घेऊन अंगणात बसायची, खडा बाजूला, किडका दाणा बाजूला, तो निवाडा. फैसला अरबी, त्याचं मूळ वेगळं करणे, त्यातूनच फसल आणि फसली साल, आणि गंमत म्हणजे मुफस्सलसुद्धा, म्हणजे मुंबईपासून वेगळे असलेले आम्ही सातारकर. तंटा आपण "तोडतो". इंग्रजीतलं डिसाइडसुद्धा लॅटिनमधल्या कापून टाकण्यावरून आलंय म्हणे. म्हणजे बहुतेक ठिकाणी न्याय करणं म्हणजे निवडणं, फोडणं, कापणं. खरं सांगतो असा दावा त्यात नाही. तांदूळ निवडणारी बाई कधी म्हणत नाही की आता यात एकही खडा नाही, ती म्हणते बघितलेत बाई, तरी दात सांभाळून. व्हर्डिक्ट मात्र छाती ठोकून म्हणतो हे खरं आहे. जे लोक तिथं हजर नव्हते, ज्यांनी काही बघितलेलं नाही, त्यांचं बोलणं खरं.

यावर मला आठवली माझी आतेबहीण. ताई न्यू जर्सीत असते, आता तिकडची नागरिक झालीय, आणि मागे एकदा तिला ज्युरी ड्युटीचा कागद आला होता. आत्याने साताऱ्यात नुसता कल्ला केला होता, पोरीला कोर्टाचं समन्स आलंय, काय केलं कुणास ठाऊक, मला फोन, तू कोर्टात असतोस, वकील बघ. मी सांगून थकलो की आत्या, ती आरोपी नाही, तिला न्याय करायला बोलावलंय. "तिला? तिला घरातला भाजीवाला ठरवता येत नाही!"

तर त्या रात्री ताईला फोन लावला, तिकडं सकाळ होती, म्हटलं ताई तुझ्या त्या ज्युरीचं नीट सांग.

"अरे, काही फिल्मी नव्हतं. गाडीला मागून गाडी ठोकली होती, नुकसानभरपाईचा दावा. सिव्हिल केस, म्हणून आम्ही सहाच जण. बारा असतात ते क्रिमिनलला."

आधी म्हणे निवड करतात, वकील आणि जज प्रश्न विचारतात, तुमचा कधी ॲक्सिडेंट झालाय का, इन्शुरन्स कंपनीत कुणी आहे का. या प्रश्नोत्तरांना व्ह्वार दीर म्हणतात, आणि तिथंही तेच, "व्ह्वार" म्हणजे आजच्या फ्रेंचमधलं बघणं नाही, तर जुन्या फ्रेंचमधलं खरं. खरं बोलणं. म्हणजे आत शिरताना खरं बोला आणि बाहेर पडताना खरं बोला, मधे नुसतं ऐका. ताईला घरी नवऱ्याशीसुद्धा केसबद्दल बोलायला बंदी, आणि ताईला, जिला मोलकरणीच्या रजेवर पाऊण तास बोलता येतं तिला, ती पाळता आली याचं मला फार कौतुक वाटलं.

"मग निकाल काय लिहिला तुम्ही?"

"लिहिला नाही रे काही. एक फॉर्म होता, प्रश्न आणि पुढे हो की नाही. निष्काळजीपणा होता का, हो. त्याच्यामुळेच दुखापत झाली का, हो. मग रक्कम. सहापैकी पाच जणांचं जमलं तरी चालतं, आमच्यात एक आजोबा शेवटपर्यंत नाही म्हणत होते. फोरपर्सनने, म्हणजे आमच्यातल्याच म्होरक्याने, वाचून दाखवलं, संपलं."

"आणि कारणं?"

"कारणं कुणी विचारलीच नाहीत."

इथं मी थांबलो. कारण कारणं हा माझा धंदा आहे. आपल्याकडच्या निकालपत्राची रचना ज्याने टाइप केलीय त्याला झोपेतही येईल, आधी दाव्याची हकीकत, मग एक तक्ता, डाव्या बाजूला मुद्दे, उजव्या बाजूला निष्कर्ष, होकारार्थी, नकारार्थी, आणि सगळ्यात शेवटचा मुद्दा "काय आदेश?" त्याच्यापुढे "अंतिम आदेशाप्रमाणे". आणि मग ठळक, कारणे. त्याच्यानंतर चाळीस चाळीस पानं कारणेच. फौजदारी संहितेच्या कलम ३५४ मध्ये लिहूनच ठेवलं होतं की जजमेंटमध्ये मुद्दे पाहिजेत, त्यावरचा निर्णय पाहिजे आणि त्या निर्णयाची कारणं पाहिजेत. अपील करायचं तर त्या कारणांवरच तर करायचं असतं, वकीलसाहेब माझ्याकडं येऊन पिवळ्या मार्करने कारणांवरच तर रेघोट्या मारतात. आणि इकडे ज्युरी, दोषी, निर्दोष, हो, नाही. का ते विचारायचं नाही.

का ते विचारायचं नाही. हे मी कुठंतरी आधी बघितलंय असं सारखं वाटत होतं, आणि मग आठवलं. भैरोबा.

आमचं गाव कोरेगावच्या बाजूला. मी सात-आठ वर्षांचा असेन, विहीर खोदायची होती आणि दोन जागांवरून माझ्या आजोबांत आणि चुलत आजोबांत जुंपली होती, तेव्हा आजी म्हणाली भांडू नगा, देवाला कौल लावा. पहाटे गेलो. गुरवाने देवाला पाणी घातलं, काळा पाषाण ओला चकचकीत, आणि दोन पांढऱ्या कळ्या चिकटवल्या, एक उजवीकडं आणि एक डावीकडं, छातीच्या उंचीला. आजीने हात जोडून विचारलं, मोठ्याने, माणसाला विचारतात तसंच, "बाबा, वडाकडच्या जाग्याला पानी हाय का? असंल तर उजवी दे." आणि सगळे गप्प. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, गाभाऱ्यात तेलाचा वास, माझा पाय झोपलेला, आणि त्या ओल्या दगडावरून उजवी कळी आधी थोडी सरकली, थांबली, आणि मग सुटून खाली पडली. "दिला," गुरव म्हणाला. चुलत आजोबांनी एक शब्द काढला नाही. टोपी नीट केली आणि निघाले. का वडाकडंच आणि का ओढ्याकडं नाही हे भैरोबाने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मग मी उठून शब्दकोश काढला. कौल. अरबी. अर्थ काय, तर बोलणे, वचन, शब्द! कव्वाली याच मुळातली. मराठेशाहीतला कौलनामा म्हणजे सरकारने रयतेला दिलेला शब्द, या, वस्ती करा, सारा माफ, भिऊ नका. कौलकरार त्यातलाच. देवाचा कौल म्हणजे देवाचा शब्द आणि निवडणुकीत जनतेचा कौल म्हणजे जनतेचा शब्द. म्हणजे तोडणं नाही, निवडणं नाही, सांगणं. व्हर्डिक्टमधल्या डिक्टला अगदी शेजारी बसवावा असा शब्द आपल्या गाभाऱ्यात पडून होता आणि मी तांदूळ निवडत बसलो होतो. आणि कारण न देण्याचा गुणसुद्धा जुळतो. ज्युरीचा कौल. रात्री साडेबाराला मी एकटाच दुकानात, आय मीन घरात, खुर्चीत उडालो.

कौल लावणाऱ्यांना एक खोड असते ते पण जुळतं. डावा पडला की म्हणायचं, देवा नीट समजलं नाय, पुन्हा लाव रं. इंग्लंडात १६७० साली हेच झालंय. विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोघांवर खटला होता, रस्त्यावर धर्माचं प्रवचन केलं म्हणून. ज्युरीने कोर्टाला हवा तसा दोषी म्हणायला नकार दिला, तर कोर्टाने त्यांना पुन्हा आत पाठवलं, पुन्हा नकार, पुन्हा आत, रात्रभर कोंडून, जेवण नाही, पाणी नाही, शेकोटी नाही, तंबाखू नाही. तंबाखू नाही हे आमच्या कोर्टातल्या लोकांना सांगितलं तर तासाभरात कुणालाही फाशी देतील. पण ते हटले नाहीत, शेवटी निर्दोषच म्हणाले, आणि त्याबद्दल प्रत्येकाला चाळीस मार्क दंड, मार्क म्हणजे तिकडचं तेव्हाचं पैशाचं माप. एडवर्ड बुशेल नावाच्या ज्युरीने दंड भरला नाही, तुरुंगात गेला, आणि तिथून दाद मागितली. मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी ठरवलं की ज्युरीने दिलेल्या व्हर्डिक्टसाठी ज्युरीला शिक्षा करता येणार नाही. तेव्हापासून तो कायदा. आणि त्या पेननेच पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया वसवलं, ताईच्या न्यू जर्सीच्या शेजारचं राज्य. ताईला कारणं कुणी विचारली नाहीत त्यामागे कुठंतरी हे उपाशी लोक आहेत.

आपल्याकडे मात्र जज कौल नाकारू शकत होता. नानावटी खटला सगळ्यांना माहीत असतो, नौदलाचा कमांडर, बायकोचा मित्र, २७ एप्रिल १९५९ ला तीन गोळ्या. मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी निर्दोष म्हटलं. सेशन्स जज रतिलाल मेहतांनी ते मान्य केलं नाही, हा व्हर्डिक्ट पुराव्याला धरून नाही, असा व्हर्डिक्ट कुठलाही शहाणा माणूस देणार नाही म्हणून प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, हायकोर्टाने दोषी धरून जन्मठेप दिली, आणि सुप्रीम कोर्टाने २४ नोव्हेंबर १९६१ ला ती कायम केली. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली ते वेगळं. चहाच्या टपरीवर ठाम सांगणारे भेटतात की नानावटीमुळे ज्युरी बंद झाली. तसं नाही. लॉ कमिशनने १९५८ च्या अहवालातच, म्हणजे गोळ्या सुटायच्या आधीच, ज्युरी काढून टाका म्हणून सांगितलं होतं. आणि तशीही सगळ्या जिल्ह्यांत ज्युरी नव्हतीच, बऱ्याच ठिकाणी असेसर असायचे, ते नुसतं मत सांगायचे, जजने ऐकलं तर ऐकलं. म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखे. पारशी लोकांच्या घटस्फोटात अजून पाच डेलिगेट बसतात, पंचांसारखे, तेवढंच काय ते शेपूट राहिलंय.

पंचांवरून आठवलं, साताऱ्यात बसून मी हे सगळं लॅटिनमध्ये शोधतोय आणि दहा मिनिटांवर क्षेत्र माहुली आहे, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं ती गोष्ट आपण चौथीपासून ऐकतोय. त्या काळात भांडण पंचांपुढे किंवा गोतसभेपुढे गेलं की दोन्ही पक्षांकडून आधीच राजीनामा लिहून घ्यायचे. राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा नाही, राजी असल्याचा, की तुम्ही जे सांगाल ते आम्हाला मान्य. मग पुरावा, साक्षी, कधी शपथ, कधी दिव्य, तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा वगैरे, आणि शेवटी निवाडपत्र. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची आणि हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे सरकारचं दोन्हीकडून बरं. कोर्ट फी स्टॅम्पच्या रांगेत हे सांगितलं की लोक म्हणतात, म्हणजे काय बदललं?

टिळकांच्या खटल्यात मला सगळ्यात जास्त खुपली ती गोष्ट माझ्या धंद्यातली आहे. १९०८ ला खटला कशावर, तर केसरीतल्या मराठी लेखांवर, "देशाचे दुर्दैव" आणि "हे उपाय टिकाऊ नाहीत". ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. म्हणजे मराठी वाक्यांत राजद्रोह आहे की नाही हे ठरवायचं त्यांनी, आणि त्यांच्या हातात काय, तर भाषांतर. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, हा शब्द असा का केला, याचा अर्थ तो होतो का, एकेका शब्दावर. मी भाषांतर करतो म्हणून सांगतो, हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. आपण "निकाल" टाइप करून तीस रुपये घेतो आणि मोकळे होतो, तिथं एका शब्दाच्या छटेवर माणूस मंडालेला जातो. टिळक एकूण एकवीस तासांवर बोलले, २२ जुलैच्या रात्री व्हर्डिक्ट आला, सात विरुद्ध दोन, दोषी. न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड सांगितला. हेच दावर १८९७ च्या खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे होते. त्या १८९७ च्या वेळी पण मतं सहा विरुद्ध तीन, सहा युरोपियन दोषी म्हणणारे आणि तीन हिंदी निर्दोष म्हणणारे. आता यातलं खरं बोलणं कुठलं म्हणायचं, सहाचं का तिघांचं? शब्दाचा अर्थ बघायला गेलं तर दोन्ही शपथेवरच होतं.

स्कॉटलंडचे लोक त्यातल्या त्यात प्रामाणिक म्हणायचे. त्यांच्याकडे ज्युरी पंधरा जणांची आणि शतकानुशतकं तिसरा एक व्हर्डिक्ट होता, सिद्ध झालं नाही. दोषी नाही, निर्दोष नाही, सिद्ध झालं नाही, जा घरी. सुटका होतेच पण गावात लोक बघायचे तसे बघतातच. २०२५ मध्ये त्यांच्या पार्लमेंटने तो काढून टाकायचा कायदा केला. भैरोबाकडे अजून आहे ती सोय. दोन्ही कळ्या पडल्याच नाहीत तर गुरव म्हणतो, आज देव बोलत न्हाई, पुढच्या रविवारी या.

तर दुसऱ्या दिवशी सर आले, पाऊस तसाच, छत्री दारात उलटी ठेवली आणि म्हणाले दाखव. मी मोठ्या ऐटीत प्रिंट पुढे केली. "ज्युरीचा कौल काहीही असला तरी". आणि कालचं सगळं व्याख्यान दिलं, लॅटिन, अरबी, भैरोबा, कव्वाली. सरांनी ऐकून घेतलं. हिंदीत अधिमत असा शब्द आहे हेही मी सांगितलं, त्यावर त्यांनी नाक मुरडलं. कौलावर मात्र ते बराच वेळ थांबले.

"शब्द चांगलाय. पण कौल म्हटलं की देव आला. आणि टिळक तर पुढे म्हणतायत की या ज्युरीच्या वर आणखी शक्ती आहे. मग देव ज्युरीच्या बाजूने बसवलास की रे तू. वरच्या शक्तीला काय ठेवलंस?"

मी गप्प. एक वकीलसाहेब झेरॉक्सला थांबले होते ते मधेच म्हणाले, सर, बरोबरच आहे ना मग, खालच्या कोर्टाचा कौल आणि वरच्या कोर्टाचा कौल, टिळकांनी अपील केलंय. सर हसले. म्हणाले हे मात्र भाषणात घेतो. कौल पास झाला, मी पाच प्रती काढल्या, सर पैसे ठेवून गेले.

तर परवा त्यांचा फोन. शाळेत ते पान मुलांना पाठ करायला दिलं म्हणे आणि सातवीतल्या एका पोराने उभं राहून विचारलं, सर, ज्युरीच्या घराला कौलं होती का? बाईंनापण हसू आवरेना.

"काय करूया सर? निर्णय टाकू?"

"काही टाकू नकोस. शब्दच काढ. लिही, ज्युरीने मला दोषी ठरवलं असलं तरी मी निर्दोष आहे. बोलतो तसं लिही."

टाकलं. एक क्रियापद, झालं काम, चार दिवसांची मेहनत आणि लॅटिन गेलं पाण्यात. नवीन पाच प्रती काढल्या, चौथी मशीनमध्ये अडकली, ती ओढून काढताना फाटली, सहावी काढली. फाइलचं नाव अजून "व्हर्डिक्ट फायनल ३" असंच आहे.